माग आणि पट्टी : सिलिकॉन-मागशोधकाची घडण व कसोटी

जालना जिल्ह्यातील वाटूरच्या काळ्या रानात कपाशी चौफुलीवर लावलेली असली, तर रात्री रानडुक्कर कोठून कोठे गेले हे सकाळी सांगता येते. मोडलेले झाड कितव्या उभ्या आणि कितव्या आडव्या ओळीत आहे एवढे मोजले की ठिकाण निश्चित होते, आणि अशी चार ठिकाणे जोडली की माग मिळतो. मूलकणांचा माग काढणाऱ्या सिलिकॉनच्या उपकरणाचे तत्त्व याहून फारसे वेगळे नाही. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने या विषयास हात घालावा याचे निमित्तही हा 'माग' शब्दच होय. पावलांचा माग आणि विणकराचा माग हे दोन्ही अर्थ येथे लागू पडतात. कारण पातळ सिलिकॉनच्या एका पृष्ठावर उभ्या व दुसऱ्यावर आडव्या पट्ट्या ताण्याबाण्याप्रमाणे काढलेल्या असतात.

विद्युत्भारित कण सुमारे ३०० मायक्रॉन, म्हणजे ०.३ मिलिमीटर, जाडीच्या सिलिकॉनमधून गेला असता त्यात वीस-पंचवीस हजार इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि तितक्याच रिकाम्या जागा मागे राहतात. उलट दिशेने विद्युद्दाब लावलेला असल्यामुळे इलेक्ट्रॉन एका पृष्ठाकडे व रिकाम्या जागा दुसऱ्या पृष्ठाकडे सरकतात आणि जवळच्या पट्ट्यांवर क्षीण संकेत उमटतो.

या विद्येची आपल्याकडील ओळख जुनी आहे. जिनीव्हाजवळील सीएमएस प्रयोगासाठी तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये ६३ मिलिमीटर बाजूचे, ३२ पट्ट्यांचे सुमारे एक हजार संवेदक घडवून घेतले होते. परंतु माग काढण्याच्या दृष्टीने अधिक बोधप्रद उदाहरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे आहे. जपानमधील त्सुकुबा येथे 'बेल-२' हा प्रयोग चालतो. त्यातील सिलिकॉन-पट्टी शोधकाचे चार थर आहेत. त्यांपैकी चौथ्या क्रमांकाच्या थराच्या शिड्या या संस्थेच्या संशोधकांनी काशिवा येथील कावली संस्थेत जुळविल्या. (पहिले दोन क्रमांक आतील चित्रकण-शोधकाचे असल्याने पट्ट्यांची गणती तिसऱ्यापासून सुरू होते.)

येथे पणाला काय लागले आहे ते पाहावे. ७ व ४ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या विषम झोतांच्या टकरीतून बी-मेसॉन व त्याचा प्रतिकण यांची जोडी निर्माण होते. त्यांचे आयुष्य सुमारे दीड पिकोसेकंद. दोघांच्या क्षयस्थानांमधील अंतर सरासरीने १३० मायक्रॉनच्या आसपास असते, आणि द्रव्य व प्रतिद्रव्य यांच्या वागण्यातील भेद कालानुसार मोजावयाचा तो या अंतरावरूनच. माग किंचित चुकला तर भेदच पुसला जातो.

रचनाकाराची कोंडी येथूनच सुरू होते. संकेत वाचणारी चिप संवेदकापासून दूर ठेवावी, तर लांब जोडणीमुळे विद्युत्धारिता वाढते व गोंगाटात संकेत बुडतो. ती संवेदकावरच बसवावी, तर चिप, तिचा फलक, तिला थंड ठेवणारी नळी हे सारे कणाच्या वाटेत येते, आणि द्रव्य वाढले की कण वाकतो. बेल-२ च्या रचनाकारांनी काढलेला तोडगा 'ओरिगामी' या नावाने ओळखला जातो. चौथ्या थराच्या प्रत्येक शिडीत तीन संवेदक आहेत. टोकांच्या दोघांच्या चिपा बाहेरील फलकांवर आहेत. मधल्याच्या मात्र त्याच्याच पाठीवर, मध्ये १ मिलिमीटर हलक्या फेसाळ पदार्थाचा थर देऊन, बसविल्या आहेत. खालच्या पृष्ठाच्या पट्ट्या लवचीक परिपथाने कडेवरून वर वळवून घेतल्यामुळे दोन्ही बाजूंच्या चिपा एकाच बाजूस येतात व एकच नळी पुरते. चिपा घासून १०० मायक्रॉनपर्यंत पातळ केलेल्या असतात. ('ओरि' म्हणजे घडी, 'कामि' म्हणजे कागद; समासात 'क'चा 'ग' होणे हा जपानीतील नित्याचा ध्वनिविकार आहे.)

कसोटीचे काम याहून रूक्ष, पण माझ्या मते खरी विद्या तेथेच आहे. प्रथम संवेदकावरील दाब हळूहळू वाढवून गळतीचा प्रवाह पाहतात. तो एकाएकी उसळला तर कोठेतरी ओरखडा वा दोष आहे असे समजावे. धारिता उतरत जाऊन जेथे स्थिर होते, तेथे संपूर्ण जाडी कामास लागली. मग एकेक पट्टी तपासावयाची. प्रत्येक संवेदकावर ७६८ व ५१२ अशा मिळून १,२८० पट्ट्या. तीन संवेदकांच्या दहा शिड्यांचा हिशेब ३८,४०० होतो. चिकटविल्यावर संवेदकांच्या जागा मोजतात. केसाहून बारीक ॲल्युमिनियमच्या तारा जोडल्यावर नमुन्यादाखल काही तारा ओढून तोडून पाहतात. त्यानंतर किरणोत्सारी उगमाखाली वा लेझरखाली सर्व जोडणी बोलते की नाही याची परीक्षा होते.

दोष दोन प्रकारचे आढळतात : मुकी पट्टी आणि बडबडी पट्टी. मुकी पट्टी एकदा नोंदली की हिशेबातून वगळता येते. बडबडी पट्टी कण नसताना 'आला' म्हणते. ती ओळखली गेली नाही तर खोटा माग निर्माण करते, म्हणून अधिक घातक.

हा शोधक नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानापन्न झाला व मार्च २०१९ पासून मापनास लागला. एकदा आत गेलेल्या शिडीस वर्षानुवर्षे हात लावता येत नाही. २०२३ मध्ये आतील चित्रकण-शोधक बदलण्यासाठी तो बाहेर काढावा लागला, तोही दीर्घ विश्रामकाळात. प्रत्यक्ष मापनात त्याचा संकेत गोंगाटाच्या १३ ते ३० पट भरला.