तोफेच्या टप्प्यातलं चर्च

पोलंडमधल्या व्रोत्स्वाफपासून पन्नासेक किलोमीटरवर श्विद्नित्सा नावाचं गाव आहे. तिथल्या शांती चौकातून आत शिरलं की झाडांच्या मागे काळ्या लाकडाच्या चौकटी आणि त्यांत भरलेले पांढरे चौकोन दिसू लागतात. दगडाचा पत्ता नाही, इमारतीवर मनोराही नाही. हे लूथरपंथीयांचं शांती चर्च.

तीस वर्षांचं युद्ध 1648च्या वेस्टफालियाच्या तहाने थांबलं, म्हणून नावात शांती. हा सायलेशिया प्रांत तेव्हा कॅथलिक हाब्सबुर्ग सम्राटाच्या ताब्यात होता आणि लूथरपंथीयांची चर्चेस काढून घेतली जात होती. स्वीडनने तहात आग्रह धरला तेव्हा सम्राटाने नाइलाजाने तीन चर्चेसना परवानगी दिली: याव्होर, ग्वोगुव्ह आणि श्विद्नित्सा. पण अटी अशा घातल्या की चर्च उभं राहिलं तरी फार टिकू नये. दगड-विटा वापरायच्या नाहीत. लाकूड, माती, वाळू, पेंढा एवढ्यावरच भागवायचं. जागा तटाबाहेर, तीही तोफेच्या टप्प्यात. मनोरा नाही, घंटा नाही आणि काम वर्षभरात पुरं झालं पाहिजे. खर्च अर्थातच मंडळीने करायचा.

आराखडा केला आल्ब्रेख्त फॉन झेबिशने. हा मूळचा तटबंदी बांधणारा अभियंता, तेव्हा अडचणीत काम काढणं त्याच्या अंगवळणी पडलेलं असणार! होखबर्ग घराण्यातल्या सरदाराने ओकची झाडं दिली. लाकडी सांगाड्यात माती-पेंढ्याचं मिश्रण भरून भिंती झाल्या. आपल्याकडच्या कुडाच्या भिंतीचीच ही भारदस्त बहीण. ऑगस्ट 1656मध्ये पायाभरणी झाली आणि जून 1657मध्ये पहिली उपासना.

मातीची साधी भिंत ओलांडून आत गेलं की डोळे दिपतात. आख्ख्या श्विद्नित्सा संस्थानाला हे एकच चर्च, त्यामुळे लांबलांबच्या गावांतून माणसं यायची. त्यांना सामावून घ्यायला सज्ज्यांवर सज्जे चढवले आणि साडेसात हजार माणसं मावतील एवढी जागा केली. सज्ज्यांचे कठडे बायबलमधल्या वचनांनी आणि चित्रांनी भरलेले. छतावर प्रकटीकरणाच्या पुस्तकातले प्रसंग: बाबेलचा पाडाव, शेवटचा न्याय, स्वर्गीय यरुशलेम. व्यासपीठावर वाळूचं घड्याळ आहे. पाळकांच्या प्रवचनाला लगाम हवा, हे त्या मंडळीला तेव्हाच कळलेलं दिसतं.

1707च्या एका करारानंतर अटी सैल झाल्या आणि आवारात वेगळा घंटामनोरा उभा राहिला. ग्वोगुव्हचं चर्च 1758मध्ये आगीत गेलं. उरलेली दोन चर्चेस 2001पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

खरा घाव बसला तो 1945नंतर. प्रांत पोलंडकडे गेला, जर्मन रहिवाशांना बाहेर काढलं आणि त्यांच्या घरांत कॅथलिक पोलिश कुटुंबं आली. हजारोंसाठी बांधलेल्या चर्चमध्ये मूठभर लूथरपंथीय उरले. माझ्या मते लाकूड-माती टिकली यापेक्षा ही चिमुकली मंडळी टिकली, हे जास्त नवलाचं. कारण हे आजही संग्रहालय झालेलं नाही, चालतं चर्च आहे. रविवारी सकाळी उपासना असते, तेव्हा नुसतं बघायला जायचं असेल तर दुसरा वार धरावा.