परमुलखातील एक पंगत

मुलगा परदेशी गेला म्हणजे आईचा पहिला प्रश्न पगाराचा नसतो. 'तो तिथे खातो काय?' हाच तिला घोर. दुसरा प्रश्न ती फादरांपाशी काढते, आणि तो रविवारच्या मिस्सेचा असतो. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या बाजूची मुले आता केवळ पुण्या-हैदराबादेवर थांबत नाहीत. तेव्हा या दोन्ही प्रश्नांचा विचार आमच्या कुटुंबांतून व्हावा, हे इष्टच आहे. लंडन शहरी एका मलेशियन खानावळीत जेवण्याचा योग आम्हांस आला, त्याची हकीकत म्हणूनच येथे देत आहो.

मलाया हा देश ३१ ऑगस्ट १९५७ रोजी स्वतंत्र झाला, आणि १६ सप्टेंबर १९६३ रोजी त्यास इतर प्रांत जोडून मलेशिया बनला. मलायी, चिनी आणि हिंदी असे तीन मोठे समाज तेथे एकत्र नांदतात. हिंदी लोकांत तमिळांचा भरणा अधिक. त्यांपैकी पुष्कळांचे पूर्वज इंग्रजी अमदानीत रबराच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेले होते. जे लोक एका गावात राहतात त्यांची चूल एकमेकांस ओळखू लागते. मलेशियाचे जेवण हे त्याच ओळखीचे फळ होय.

दारातून आत शिरताच समोर रोटी करणारा आचारी दिसला. लोण्या-तेलात मुरवलेला मैद्याचा गोळा त्याने हाताने चापटला, मग हवेत फिरवून ओट्यावर असा काही आपटला की पाहता पाहता तो रुमालासारखा पातळ झाला! त्याची घडी घालून त्याने ती तव्यावर टाकली, आणि भाजून झाल्यावर दोन्ही हातांनी चुरगळून तिचे पदर मोकळे केले. हिचे नाव 'रोटी चनाई'. हे नाव चेन्नईवरून पडले असे काहीजण म्हणतात, तर कणीक लाटण्याच्या मलायी शब्दावरून पडले असे इतर सांगतात. 'रोटी' हा शब्द मात्र आपल्याच देशातून तिकडे गेलेला. रोटीसोबत वाटीभर वरण आले. आम्ही तुरीच्या मुलखातले. कलबुर्गीच्या तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकन लाभले आहे, तेव्हा वरणाच्या बाबतीत आम्ही थोडे चोखंदळ असलो तर वाचकांनी क्षमा करावी. ते वरण पातळ होते, मिरचीही जरा कमीच होती. पण सात समुद्रांपलीकडे पाहुणा म्हणून बसलेल्या माणसाला ते अमृतासारखे लागले.

तो दिवस शुक्रवारचा होता. इंग्लंड व वेल्सच्या बिशपांनी १६ सप्टेंबर २०११ पासून शुक्रवारचा मांसत्याग तेथील भाविकांसाठी पुन्हा बंधनकारक केला आहे, ही गोष्ट परदेशी जाणाऱ्या मुलांनी ध्यानात ठेवावी. फलकावर 'रेन्दांग' होते, म्हणजे नारळाच्या दुधात तासन्‌तास आटवून कोरडे केलेले मांस. 'साते' होते, म्हणजे काड्यांवर भाजलेले मांसाचे तुकडे आणि सोबत शेंगदाण्याची दाट चटणी. दोन्हींचा वास मोठा मोहक! आम्ही ते दोन्ही सोडून 'नासी लेमाक' मागविले. नारळाच्या दुधात शिजविलेला भात, त्यास केवड्याच्या कुळातील एका पानाचा सुवास, बाजूस उकडलेले अंडे, काकडीच्या फोडी, तळलेले शेंगदाणे, कुरकुरीत बारीक सुकी मासळी आणि लाल मिरचीची झणझणीत चटणी. मासळीस शुक्रवारी मनाई नाही. एक सूचना मात्र करावीशी वाटते. ही चटणी वरवर साधी दिसते. पण तीत बहुधा वाटलेल्या सुकटीचा अंश असतो. ज्याला मासळी सोसत नाही त्याने आधी विचारावे. तसेच मुसलमान मालकाच्या खानावळीत डुकराचे मांस मिळत नाही. चिनी मालकाच्या खानावळीत मिळू शकते.

ताट समोर आले तेव्हा आम्ही घरच्या रीतीप्रमाणे क्रुसाची खूण करून भोजनाची प्रार्थना म्हटली. चहा घेऊन आलेला पोऱ्या मुसलमान होता. प्रार्थना संपेपर्यंत तो पेला हातात धरून बाजूला उभा राहिला आणि मग हसून त्याने तो समोर ठेवला. शेजारच्या मेजावर आपल्याच देशाची दोन मुले बसली होती. त्यांतील एकाने आमच्याकडे पाहिले, हातातला घास खाली ठेवला आणि घाईघाईने कपाळाला हात लावला. तो कोठला, हे आम्ही विचारले नाही.

मलेशियाशी आपले नाते मात्र वरणाहून जुने आहे. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि १५११ साली मलाक्का. संत फ्रान्सिस झेवियर १५४५ साली मलाक्क्यास पोहोचले. १५५२ साली चीनच्या उंबरठ्यावर त्यांनी देह ठेवल्यानंतर त्यांचे शरीर प्रथम तेथेच पुरले गेले, मग मलाक्क्याच्या टेकडीवरील देवळात पुरण्यात आले आणि १५५४ साली गोव्यास आणले गेले. जुन्या गोव्यात २०२४ च्या नोव्हेंबरपासून जानेवारी २०२५ पर्यंत ज्यांनी त्यांचे दर्शन घेतले, त्यांनी हा प्रवास आठवावा. मलायी भाषेत रविवारला 'मिंगू' असेही म्हणतात. तो शब्द पोर्तुगीजांच्या 'दोमिंगू'चाच अवशेष.

१६४१ साली डचांनी मलाक्का जिंकले आणि कॅथलिक उपासनेवर बंदी घातली. तेथील पोर्तुगीज वंशाच्या, स्वतःला 'क्रिस्तांग' म्हणविणाऱ्या गरीब कोळी कुटुंबांनी त्या दिवसांत श्रद्धा घरातच जपली. पुढे निर्बंध सैल झाले आणि १७१० साली संत पेत्राचे ख्रिस्तमंदिर उभे राहिले. ते आजही चालू आहे. नाताळच्या जेवणातून उरलेल्या मांसाची, सिरका, मोहरी व भरपूर मिरची घातलेली 'कारी देबाल' नावाची जहाल आमटी हे लोक अजून करतात. गोव्याच्या विंदालूची ती नात्यातलीच म्हणावयाची. आमच्या खानावळीच्या फलकावर ती नव्हती, याचे आम्हांस वाईट वाटले.

बिल पाहून थोडा घाम फुटला. तेवढ्या पैशांत गावी आठवड्याचा बाजार झाला असता. परदेशी राहणाऱ्या मुलाने असे जेवण सणावारीच करावे आणि एरवी खोलीवर डाळ-तांदूळ शिजवावा, असे आमचे मत आहे. घरी ज्यांना नासी लेमाक करून पाहावयाचे असेल, त्यांस एक नारळ पुरे. ते सुवासिक पान आपल्याकडच्या बाजारात सहसा मिळत नाही. त्यावाचूनही भात बरा होतो. शेंगदाणे आणि मिरची तर घरात असतातच.