विलेपित पोलादी भागांवरील वितळजोड भर : उष्णतानियंत्रण

झिजलेल्या वा खरवडलेल्या पोलादी भागावर वितळजोडकामाने धातूचा थर चढवून त्याचे मूळ माप परत मिळविण्याच्या क्रियेस वितळजोड भर घालणे म्हणतात. भागाचा उरलेला पृष्ठभाग घासून पुरा केलेला व क्रोमियमाने विलेपित असेल, उदा., मातीकाम यंत्राच्या द्रवचालित सिलिंडरातील दट्ट्यादांडा, तर दुरुस्तीची उष्णता शाबूत पृष्ठालाच बाधते.

क्रोमियमाचे उष्णताजन्य प्रसरण पोलादाच्या सुमारे निम्मे असते. त्यामुळे पोलाद तापताच वरचा थर ताणला जातो, त्यातील मूळचे सूक्ष्म तडे रुंदावतात आणि त्यांतून ओलावा शिरून खाली गंज चढतो. विलेपनाची व्हिकर्स कठिनताही तापमानाबरोबर घटते. सुमारे ४००° से.च्या वर हा ऱ्हास ठळक असतो. पृष्ठावर पिवळसर वा निळसर झाक दिसते, तेव्हा हानी होऊन गेलेली असते. कॅडमियमाचे विलेपन ३२१° से.ला, तर जस्ताचे सुमारे ४२०° से.ला वितळते, कॅडमियमाची वाफ अत्यंत विषारी आहे.

खरी अडचण निराळीच आहे. सुमारे ०·४५% कार्बनाचे पोलाद थंड असताना त्यावर भर घातल्यास जोडालगतचा पट्टा झपाट्याने निवून कठीण व ठिसूळ मार्टेन्साइट बनते आणि तडा जातो. म्हणून पूर्वतापन आवश्यक असते. विलेपनाच्या धास्तीने ते टाळणे ही सर्वांत महागात पडणारी काटकसर होय. वस्तुतः उच्च बलाचे पोलादी भाग विलेपनानंतर हायड्रोजन घालविण्यासाठी सुमारे १९०° से.ला काही तास तापविलेलेच असतात. तेवढे सावकाश व सम पूर्वतापन विलेपनास सहसा सोसते; प्रज्योतीने एकाच जागी साठणारी उष्णता सोसत नाही.

यासाठी दुरुस्तीच्या जागेचे विलेपन आणि भोवतालची पट्टी आधी घासून काढतात. अन्यथा विलेपनाचा धातू वितळलेल्या भरीत मिसळतो. वसई तालुक्यात गिरीजच्या पूर्वेस, लोहमार्गापलीकडे वालीव–सातिवली भागात आहेत तशा लहान अभियांत्रिकी कर्मशाळांतही पुढील गणित सहज करता येते. २० व्होल्ट, १०० अँपिअर व मिनिटास १५० मिमी. वेग असता दर मिमी.स ८०० जूल ऊर्जा खर्च होते. वेग निम्मा केल्यास ती दुप्पट होते. म्हणून बारीक विद्युत् अग्राने आखूड, सरळ पट्ट्या समोरासमोरच्या बाजूंना आलटून पालटून घालतात. विलेपनाच्या कडेचे तापमान तपयुग्माने वा ठराविक तापमानास वितळणाऱ्या खडूने तपासतात व ते मर्यादेवर येताच काम थांबवितात. कडेला तांब्याचे ठोकळे आवळल्यास उष्णता खेचली जाते. ओले फडके मात्र जोडाजवळ नको : त्याने पट्टा एकदम निवतो आणि पाण्यातील हायड्रोजन भरीत शिरतो.

विद्युत् मंडलाची परतीची पकड विलेपित पृष्ठावर लावत नाहीत, कारण तेथे ठिणगी पडून खळगा होतो. तुषारांपासून बचावासाठी पृष्ठ काचतंतूंच्या कापडाने झाकतात. काम संपल्यावर भाग राखेत वा कोरड्या वाळूत सावकाश निवू देतात. भर आकसल्याने दांडा भरीच्या बाजूस वाकतो. म्हणून घासण्यापूर्वी त्याचा सरळपणा तबकडीमापकाने तपासतात.