ठणका आणि धास्ती

दहा दिवस गप्प बसून मिळतं काय, असं मला पुष्कळजण विचारतात. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात मी २०१७ साली विपश्यनेचं शिबिर केलं. त्यातून हाती लागलेली एकच गोष्ट आज सांगते.

ब्रह्मदेशात ऊ बा खिन यांच्याकडे ही साधना शिकलेले सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले. १९७६ पासून इगतपुरीला शिबिरं होतात. दिनक्रम कडक. पहाटे ४ वाजता घंटा, रात्री साडेनऊला निजानीज. मध्ये सुमारे १० तास ध्यान. फोन, वही, पुस्तक सगळं जमा. आपसात बोलायचं नाही. शंका मात्र आचार्यांना विचारता येते. फी नाही, आधीच्या साधकांच्या दानावर सगळं चालतं.

पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास पाहायचा. तो लांबवायचा नाही, मंत्र म्हणायचा नाही. मन गावभर भटकून येतं. न चिडता त्याला परत आणायचं. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत संवेदना निरखायच्या. खाज, उष्णता, ठणका, जे असेल ते.

माझे गुडघे संधिवाताचे. मला खुर्ची मिळाली, तरी ठणका होताच. निरखता निरखता कळलं, की तो एकसारखा नसतो; वाढतो, सरकतो, ओसरतो. आणि ‘हे थांबणार कधी, पुढे माझं कसं होणार’ ही धास्ती ठणक्याहून वेगळी असते. ती मनाने घातलेली भर.

घरी आले तेव्हा गुडघे तसेच होते. औषधं, व्यायाम आजही चालू आहेत. पण रात्री दुखणं उठलं, तरी त्याच्यामागोमाग धास्ती उठतेच असं नाही. पुष्कळदा पुन्हा झोप लागते. अंथरुणाला खिळलेल्या आईने दहाव्यांदा हाक मारली, की कपाळ तापल्याचं आधी कळतं आणि ‘आले गं’ नंतर म्हटलं जातं. मधल्या त्या एका श्वासाने आमच्या घरातले आवाज खाली आले आहेत.

हे टिकवायला रोजची बैठक लागते. ज्यांना मानसिक आजार आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं आणि अर्जात तसं स्पष्ट लिहावं. बाकीच्यांनी दहा दिवसांची रजा साठवायला हरकत नाही.