साडेपाच ते साडेसातचा टॅब

एक घर डोळ्यांसमोर आणा. डोंबिवलीतलं, दोन खोल्या आणि हॉल. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. आई घरूनच काम करते आणि परदेशी ग्राहकांबरोबरचे तिचे कॉल नेमके संध्याकाळी साडेपाचला सुरू होतात. बाबांचं ऑफिस फोर्टात. लोकल, मग रिक्षाची रांग, घरी पोचेपर्यंत साडेआठ. वाढदिवस पंधरा दिवसांवर आलाय. आई म्हणते, यंदा टॅब घेऊन टाकू. तीस हजारांचा. बाबा म्हणतात, एवढ्याशा पोरीला तीस हजारांचं खेळणं कशाला? ‘आमच्या लहानपणी…’ इथवर वाक्य येतं आणि पुढचं जेवण मुकाट्यानं उरकतं.

असं भांडण बऱ्याच घरांत होतं. कुठे हट्ट बाबांचा असतो, कुठे टॅबच्या जागी स्मार्टवॉच किंवा गेमिंग कन्सोल असतो. या भांडणात पैसे, डोळे, अभ्यास, संस्कार, शेजारच्यांची मुलं असं सगळं एकाच ताटात कालवलेलं असतं. ते सुटं करून पाहिलं तर अर्धा वाद आपोआप निवतो. उरलेला अर्धा कशाबद्दल आहे, तेही दिसतं.

पैशांपासून सुरुवात करू, कारण पहिला शब्द तोच निघतो. आईचा मुद्दा: ‘सगळे कुठे एकदम द्यायचेत? नो-कॉस्ट ईएमआय आहे, महिना पाच हजार, सहा महिने.’ आता बँक बिनव्याजी पैसे देत नसते. शून्य टक्के व्याजाच्या नावाखाली चालणाऱ्या योजनांना रिझर्व्ह बँकेनं 2013 सालीच चाप लावला. त्यानंतर रूढ झालेली रीत अशी: बँक व्याज लावते आणि तेवढीच रक्कम विक्रेता किंवा कंपनी किमतीतून सूट म्हणून आधीच वजा करते. समजा टॅब 30,000 रुपयांचा, मुदत सहा महिने आणि व्याजाचा दर वर्षाला 15 टक्के. मग बँकेच्या लेखी तुमचं कर्ज होतं साधारण 28,730 रुपयांचं आणि सहा महिन्यांचं व्याज होतं 1,270 रुपये. दोन्हींची बेरीज तीस हजार. इथवर ‘नो-कॉस्ट’ खरं.

पण क्रेडिट कार्डावरच्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे या उदाहरणात 229 रुपये. प्रोसेसिंग फी 199 रुपये धरली तर त्यावरही जीएसटी, म्हणजे 235. एकूण 464 रुपये जादा. रक्कम छोटी आहे, त्यासाठी कुणी भांडू नये. एवढंच विचारावं, की रोख घेतला तर किती कमी कराल? दुकानदार हजार-दीड हजार सोडायला तयार असेल, तर तुमच्या ‘नो-कॉस्ट’ची खरी किंमत ती. हप्ता चुकला तर मग कार्डाचं नेहमीचं, जबर व्याज सुरू होतं, ते वेगळंच.

त्यापुढचा खर्च बिलावर नसतो. सहा वर्षांच्या हातातून वस्तू पडणारच. काच फुटली की बऱ्याच टॅबमध्ये काच आणि डिस्प्ले एकत्रच बदलावे लागतात. काउंटरवर गळ्यात मारली जाते ती ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ साधारणपणे यंत्रातल्या बिघाडासाठी असते. पडून फुटलं तर तिचा उपयोग नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं, आणि हा फरक विचारल्याशिवाय सहसा कोणी सांगत नाही. लिथियम-आयन बॅटरीही पूर्ण चार्जच्या काही शे फेऱ्यांनंतर थकू लागते. स्वस्त टॅबना सॉफ्टवेअरचे अपडेट लवकर बंद होतात. थोडक्यात, पहिलीत घेतलेला टॅब पाचवीपर्यंत चालेल असं समजून हिशेब मांडू नये. सोन्यासारखी ही वस्तू कपाटात ठेवून वाढत नाही.

आता आईचा दुसरा मुद्दा: ‘शिकेल त्यावर काहीतरी.’ हा मुद्दा खोटा नाही, पण अर्धवट आहे. 2003 साली पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांनी सिएटलमध्ये एक प्रयोग केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांच्या एका गटासमोर चिनी बोलणारी माणसं बसवली. ती गोष्टी वाचून दाखवत, खेळण्यांशी खेळत. अशा बारा बैठका झाल्या. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच साहित्य, पण पडद्यावर. पहिल्या गटातली बाळं चिनी उच्चारांतला बारीक फरक ओळखू लागली. पडद्यासमोरची बाळं, चिनी कानावर पडलंच नव्हतं अशा बाळांच्या पुढे गेली नाहीत. सहा वर्षांची मुलगी म्हणजे नऊ महिन्यांचं बाळ नव्हे. ती पडद्यावरून पाढे, इंग्रजी शब्द, ओरिगामी शिकू शकते. तरी शेजारी बसून ‘हे काय गं?’ विचारणारं माणूस असलं की शिकणं मुरतं, हे तिच्याही बाबतीत खरं आहे. आणि आपल्या या घरात टॅब हवाय तो नेमका अशा वेळी, जेव्हा शेजारी बसायला कुणी नाही.

बाबांचा मुद्दा डोळ्यांचा. चष्मा लागणं म्हणजे बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा गरजेपेक्षा लांब वाढणं. प्रतिमा पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, अलीकडे पडते आणि लांबचं धूसर दिसतं. सतत जवळून पाहण्याचा याच्याशी संबंध आहे, मग समोर टॅब असो की पुस्तक. पण त्याहून कामाची गोष्ट दुसरी आहे: दिवसाउजेडी बाहेर घालवलेला वेळ चष्म्याला लांब ठेवायला मदत करतो. तैवाननं 2010 पासून शाळकरी मुलांना रोज 120 मिनिटं बाहेर ठेवण्याची मोहीम चालवली, ती याच आधारावर. तेव्हा काळजी ‘पडद्याचे किरण’ यांची नको. टॅबनं दिवसाचे कोणते दोन तास खाल्ले, त्याची करा. साडेपाच ते साडेसात हे सोसायटीच्या आवारात लपंडाव, सायकल आणि भांडणं यांचे तास. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे उजेडाचा अर्धाच तास मिळतो. तोही गेला तर भरून कधी निघणार?

किती वेळ चालेल, याला आकडे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सांगितलं: दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, दोन ते चार या वयात तासाभराहून जास्त नको. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, थोडं पुढे जाऊन सांगते: पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दिवसाला दोन तासांच्या आत, तेही झोप, खेळ, अभ्यास आणि घरच्यांशी गप्पा यांची जागा न घेता. आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल अगदी तान्ह्यालाही चालतो. एक लक्षात घ्या, दोन तासांत टीव्हीही आला आणि आजोबांच्या फोनवरचे रील्सही.

आकडा पाळणं मात्र अवघड, आणि त्यात मुलीचा दोष फारसा नाही. पूर्वी टीव्हीवरची मालिका अर्ध्या तासानं संपायची, नावांची पाटी वर सरकायची, बातम्या लागायच्या आणि मूल कंटाळून उठायचं. उठायला सांगणारं काहीतरी त्या पेटीतच होतं. आताच्या व्हिडिओ अॅपनं ते काढून टाकलं आहे. एक संपायच्या आत दुसरा लागतो. गेममध्ये तर बक्षीस कधी मिळेल हे मुद्दाम अनिश्चित ठेवलेलं असतं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर हे दाखवून दिलं होतं: दाणा ठरावीक टोचांनंतर मिळाला तर कबूतर मध्ये थांबतं; कधी मिळेल ते कळेनासं झालं तर ते न थांबता टोचत राहतं. मोठ्यांनाच जे आवरत नाही ते सहा वर्षांचा मेंदू कसा आवरणार? म्हणून ‘दहा मिनिटं राहिली हं’ या सूचनेचा उपयोग कमी. त्या वयाला दहा मिनिटं म्हणजे काय ते कुठे कळतं? ‘हा भाग संपला की बंद’ हे कळतं. त्यासाठी ऑटोप्ले बंद करा, चार भाग आधीच डाउनलोड करून ठेवा आणि वायफाय बंद ठेवून टॅब द्या. भाग संपले की टॅबच गप्प. आई वाईट ठरत नाही.

घरात आणायचाच ठरला तर पहिल्या संध्याकाळी काय करायचं, ते सांगतो. बहुतेक घरी इथेच चुकतं. घाईत आई किंवा बाबांच्याच गूगल खात्यानं टॅब सुरू होतो. मग मुलीला बाबांचे व्हिडिओ सुचवले जातात, बाबांना बाहुल्यांचे, आणि खरेदीसाठीचं कार्डही त्याच खात्याला जोडलेलं. त्यापेक्षा मुलीचं वेगळं खातं उघडा आणि जन्मसाल खरं टाका. तेरा वर्षांखालचं खातं गूगलच्या फॅमिली लिंकशी जोडलं जातं. आपल्या फोनवरून रोजची मर्यादा, झोपेची वेळ आणि नवीन अॅपची मंजुरी ठरवता येते. अॅपलच्या आयपॅडमध्ये हेच काम ‘स्क्रीन टाइम’ करतं. दोन्ही पालकांना परवानगीचे अधिकार द्या. मात्र आधी आपसात ठरवून घ्या, कारण मूल कोण लवकर विरघळतं ते तीन दिवसांत ओळखतं आणि विनंती बरोबर त्याच फोनवर येते. शिवाय ही मर्यादा त्या यंत्रापुरती असते. टॅब लॉक झाला की पावलं आजीच्या फोनकडे वळतात.

खरं वय टाकण्याला आणखी एक कारण आहे. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं अठराखालच्या प्रत्येकाला बालक मानलंय. त्यांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती हवी, आणि त्यांना नेमकं हेरून जाहिराती दाखवायला मनाई. वय वाढवून सांगितलं की हे कवच आपणच काढून ठेवतो.

स्मार्टवॉचचं थोडं वेगळं. ‘निदान कुठे आहे ते कळेल’ ही भूल मोठी असते. जर्मनीनं 2017 साली ‘माय फ्रेंड कायला’ या बोलक्या बाहुलीवर आणि पुढे त्याच वर्षी गुपचूप ऐकण्याची सोय असलेल्या मुलांच्या घड्याळांवर बंदी घातली, कारण ती कायद्यानं छुपी प्रक्षेपक यंत्रं ठरली. शाळेच्या बसमधून घरी येणाऱ्या पहिलीतल्या मुलीला घड्याळाची गरज आहे का, हे बसच्या मावशींना विचारा. बहुधा नसते.

आता पुन्हा त्या डोंबिवलीच्या घरात येऊ. वरचं सगळं दोघांना पटलं तरी भांडण मिटत नाही. का, ते आईच्या एका वाक्यात आहे: ‘अरे, तू येतोस साडेआठला.’ तिला टॅब नकोच आहे. तिला दोन तास हवेत, ज्यात कॉल चालू असताना दारावर धडका बसणार नाहीत. बाबांचा नकार तत्त्वाचा आहे आणि योग्यही आहे, पण त्याची किंमत रोज आई मोजते. जो घरात नसतो त्याला ‘नाही’ म्हणणं फार स्वस्त पडतं. आणि उलट घरांत, जिथे बाबा झोकात टॅब आणतात आणि रात्री तो काढून घेण्याचं, रडू शांत करण्याचं काम आईच्या गळ्यात पडतं, तिथे ‘हो’ तितकंच स्वस्त असतं. माझ्या मते या वादात मत त्याचंच वजनदार धरावं, जो निर्णयानंतरचं रोजचं काम अंगावर घेईल.

म्हणजे बाबांना नाही म्हणायचं तर आठवड्यातले दोन दिवस लवकरची गाडी पकडायची. एक दिवस मुलगी शेजारच्या मैत्रिणीकडे, एक दिवस ती मैत्रीण आपल्याकडे, असं तिच्या आईशी बोलायचं. पाळणाघराची किंवा छंदवर्गाची चौकशी करायची. तीस हजारांत ते बरेच महिने निघतं. एखाद्या दिवशी तासभर पडदा चालेल, त्यासाठी बाबांचा जुना फोन सिम आणि बँकेची अॅप काढून पुरे. एवढं करूनही जमलं नाही तर टॅब घ्या, पण वाढदिवसाला नको. वाढदिवसाची भेट तिची असते. रोज संध्याकाळी ती काढून घेणं म्हणजे हिसकावणं. घराचा टॅब, मिक्सरसारखा, एखाद्या साध्या मंगळवारी आला तर तो घराचाच राहतो.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे 2022 मध्ये गावानं ठरवलं: संध्याकाळी सातला भोंगा वाजला की टीव्ही-मोबाइल बंद, साडेआठला दुसरा भोंगा वाजेपर्यंत. मुलांनी अभ्यासाला बसायचं. ते चाललं, कारण भोंगा मोठ्यांसाठीही होता.

तुमच्या घरात भोंगा नाही. तेव्हा दुकानात जाण्याआधी एक आठवडा फ्रिजवर एक कागद लावा आणि रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मूल कोणाबरोबर होतं, एवढंच दोघांनी आपापल्या अक्षरात लिहा. मग तो कागद घेऊन बसा.