तांब्याची तार बदला, नंबर जपा
शिरोडा, आरवली परिसरात ०२३६६ चा जुना लँडलाइन नंबर असलेल्यांसाठी:

✅ बीएसएनएलचं फायबर घेतलं, तर बहुतेक वेळा तोच नंबर कायम ठेवता येतो.
✅ फोनचं वेगळं भाडं नाही. इंटरनेटच्या प्लॅनमध्येच देशभर अमर्याद कॉल मिळतात.
✅ जुना फोन फेकू नका, तो मोडेमच्या फोन पोर्टला जोडता येतो.

⚠️ तांब्याच्या तारेला वीज एक्स्चेंजमधून यायची, त्यामुळे लाइट गेली तरी फोन चालायचा. फायबरचा मोडेम घरच्या विजेवर चालतो. पावसाळ्यात इन्व्हर्टर किंवा छोटा यूपीएस हवाच.

☎️ मोबाइलला फोन लावताना आधी शून्य दाबा. १५ जानेवारी २०२१ पासून हा नियम आहे.

अर्ज करताना ‘नंबर तोच हवा’ हे लिहूनच द्या!