महाराष्ट्रातील मुलींचे सैनिकी सेवापूर्व शिक्षण

सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठी शालेय वयातच विद्यार्थ्यांची शैक्षणिक, शारीरिक व मानसिक तयारी करून घेणे, यास सैनिकी सेवापूर्व शिक्षण म्हणतात. महाराष्ट्र शासनाची या प्रकारची संस्था १९७७ साली छत्रपती संभाजीनगर (तत्कालीन औरंगाबाद) येथे मुलांसाठी स्थापन झाली. मुलींसाठी तशी शासकीय संस्था नाशिक येथे २०२३ मध्ये सुरू झाली. या ४६ वर्षांच्या अंतराचे मुख्य कारण खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) प्रवेशनियमांत होते.

संभाजीनगर येथील संस्था

महाराष्ट्रातील तरुण शिपाई म्हणून सैन्यात जात. अधिकारीवर्गात मात्र मराठी तरुण कमी दिसत. ही उणीव भरून काढण्यासाठी ही संस्था निघाली. दहावीच्या टप्प्यावर लेखी परीक्षा व मुलाखतीद्वारे निवड होते. निवडलेले विद्यार्थी अकरावी-बारावीची दोन वर्षे वसतिगृहात राहून एनडीएची तयारी करतात.

एनडीएच्या लेखी परीक्षेत गणितास ३०० व सामान्य क्षमता चाचणीस ६०० गुण असतात. त्यानंतर सेवा निवड मंडळाची अनेक दिवस चालणारी मुलाखत असते व तिलाही ९०० गुण असतात. तेथे गटचर्चा, मैदानावरील सामूहिक कामे आणि मानसशास्त्रीय चाचण्या होतात. लेखी परीक्षेची तयारी पुस्तकांवरून करता येते, मुलाखतीची तितकीशी नाही. इंग्रजी संभाषणाची सवय नसलेल्या खेड्यातील विद्यार्थ्याला तर ती विशेष अवघड जाते. शासकीय निवासी संस्थेचे खरे महत्त्व येथे आहे. हा लाभ प्रदीर्घ काळ मुलांपुरताच राहिला.

मुलींसाठी पूर्वीचे मार्ग

लष्करी परिचर्या सेवा आणि वैद्यकीय सेवा स्त्रियांना पूर्वीपासून खुल्या होत्या. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेल्या माधुरी कानिटकर २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या. वैद्यकीय सेवांव्यतिरिक्त इतर काही शाखांत स्त्री अधिकाऱ्यांची भरती १९९२ पासून होऊ लागली. हा मार्ग पदवीनंतरचा होता व चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीतून जात असे. साताऱ्याच्या स्वाती महाडिक याच अकादमीतून २०१७ मध्ये अधिकारी झाल्या. त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक यांना २०१५ मध्ये काश्मीरमध्ये वीरमरण आले होते.

पदवीनंतरच्या या प्रवेशामुळे मुलगी मुलापेक्षा काही वर्षे उशिरा स्पर्धेत उतरे. शिवाय तिला मिळे ते अल्पमुदतीचे कमिशन. त्याची मुदत आरंभी पाच वर्षे होती व पुढे ती १४ वर्षांपर्यंत वाढली. निवृत्तिवेतनास मात्र २० वर्षांची सेवा लागते. म्हणजे ऐन चाळिशीच्या आसपास पद आणि निवृत्तिवेतन या दोन्हींविना घरी परतण्याची वेळ येई. सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० रोजी दिलेल्या निकालाने भूदलातील स्त्री अधिकाऱ्यांचा कायमस्वरूपी कमिशनचा हक्क मान्य केला. शारीरिक दुर्बलतेचा व कौटुंबिक जबाबदाऱ्यांचा सरकारी युक्तिवाद न्यायालयाने रूढ समजुतींवर आधारलेला ठरवून फेटाळला.

पुणे जिल्ह्यात राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा १९९७ पासून चालू होती. तेथील विद्यार्थिनींना शेजारच्याच खडकवासल्याचे दार मात्र बंद होते.

एनडीएतील प्रवेश

सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑगस्ट २०२१ रोजी अंतरिम आदेशाद्वारे मुलींना एनडीएच्या परीक्षेस बसण्याची मुभा दिली. तयारीसाठी अवधी हवा, म्हणून पुढील वर्षापासून प्रवेश द्यावा, ही केंद्र सरकारची विनंतीही न्यायालयाने नाकारली. १४ नोव्हेंबर २०२१ च्या परीक्षेसाठी सुमारे पावणेदोन लाख मुलींनी अर्ज केले आणि १,००२ मुली लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्या. एनडीएतील ३७० जागांपैकी त्यांच्यासाठी होत्या केवळ १९: भूदल १०, हवाई दल ६ व नौदल ३. या पहिल्या तुकडीतील १७ जणी ३० मे २०२५ रोजी मुलांसोबतच दीक्षान्त संचलन करून बाहेर पडल्या.

नाशिक येथील संस्था

एनडीए खुली झाल्यावर राज्यातही मुलींच्या तयारीची मागणी पुढे आली. शासनाने संभाजीनगरच्या संस्थेत मुलींना सामावून घेण्याऐवजी नाशिक येथे स्वतंत्र संस्था काढली. वसतिगृहाच्या दृष्टीने हा निर्णय सोयीचा दिसतो. मात्र १९६१ साली स्थापन झालेल्या साताऱ्याच्या सैनिक स्कूलसह देशातील सर्व सैनिक स्कूलांनी २०२१-२२ पासून त्याच आवारात मुलींना प्रवेश दिला आहे, आणि एनडीएतही मुलेमुली एकत्रच प्रशिक्षण घेतात. त्या तुलनेत सेवापूर्व टप्प्यावरचे हे वेगळेपण लक्षात येते.

विद्यमान मर्यादा

मुलींसाठी एनडीएतील जागा आजही ठरवून दिलेल्या व मुलांपेक्षा फार कमी असतात. हवाई दलात स्त्रिया २०१६ पासून लढाऊ विमाने चालवतात, आणि भूदलाच्या तोफखान्यात २०२३ पासून स्त्री अधिकारी आहेत. पायदळ, यांत्रिकी पायदळ व चिलखती दल या शाखा मात्र त्यांना खुल्या झालेल्या नाहीत. लष्कराच्या विधी शाखेत पुरुषांसाठी अधिक जागा राखून ठेवण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केली.